खुनानंतरचा टोस्ट

तुम्ही कधी कुणाचा गळा दाबलाय का? खरं सांगा, इथे पोलीस नाहीत. मान तुमच्या दोन्ही हातांत आहे, अंगठे कुठे ठेवायचे ते सुचत नाही, आणि जिची मान आहे तीच खालून वैतागून म्हणतेय, "अगं खाली, खाली! तिथे दाबून माणूस मरत नाही, नुसता खोकतो!"

मी दाबलाय. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या ठेवून. नुसता गळाच नाही, मी त्या बाईंना उशीने गुदमरवलंय, कपाटावर आपटलंय, पाय ओढून बाथरूममध्ये पाडलंय. एकदा तर खुर्चीला बांधलं आणि सोडायचं विसरून चहा प्यायला बसले. बाई सत्तरीच्या पुढच्या. पेशा खून लिहिण्याचा.

त्यांच्या कादंबऱ्या तुमच्या हाताखालून गेल्या असणार. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणसं वाचतात त्या. शवागारातून निवृत्त झालेली कारकून मावशी, तिचा तीन पायांचा कुत्रा, दर पुस्तकात एक मुडदा आणि शेवटच्या पानावर खुनी. माझ्या लहानपणापासून ही मालिका चालू आहे. मावशी आहे तेवढ्याच वयाची राहिली, माझे केस पांढरे झाले.

बाईंचा नियम होता: जो खून खोलीत करून बघितला नाही, तो कागदावर उतरवायचा नाही. माणूस पडताना कशाला धरतो, किंचाळी किती वेळ टिकते, मारणाऱ्याला धाप कधी लागते, हे सगळं आधी करून बघायचं. मेलेला माणूस त्या स्वतः व्हायच्या. मारणारा बाहेरून आणावा लागायचा. ती मी.

माझी निवड कशी झाली तेही ऐका. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन मी रद्दीवर केलं, आणि रद्दीत सगळ्यात जास्त यायच्या त्या बाईंच्याच कादंबऱ्या. पुढे मी गाडीवाल्यांची संघटना बांधली, हातगाड्या उचलून नेणाऱ्यांशी चार हात केले, दोनदा डोकं फोडून घेतलं. तर एका कादंबरीत खून केलाय भाजीच्या गाडीवाल्याने! माझ्या अंगाचा भडका उडाला. पुस्तक घेऊन थेट बाईंच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दारातच सुरू झाले. गरिबाच्या हातात सुरी दिसली की तुम्हाला खुनीच दिसतो का, तुमच्या पुस्तकातला एकही साहेब कधी रक्ताने माखत नाही का, वगैरे.

बाई दाराला टेकून शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेवटचं पान वाचलंस?"

मी पुस्तक उलटलं. शेवटची पानं फाटलेली. रद्दीतलंच ते.

"गाडीवाला निर्दोष सुटतो गं. खून साहेबानेच केलाय."

दुसरी कुणी ओशाळली असती. मी म्हटलं, "मग आधीचं सगळं पुस्तकभर त्याची बदनामी कशाला?"

बाईंचे डोळे असे चमकले की विचारू नका. "भांडतेस झकास," त्या म्हणाल्या. "हात असाच वर ठेव. आत ये. हे लाटणं घे आणि माझ्या डोक्यात घाल."

त्या दिवसापासून त्या मला 'खुनी' म्हणतात. भर रस्त्यात, दहा माणसांत. "काय गं खुनी, परवा येतेस ना?" लोक वळून बघतात.

आता बाईंचं जुनं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तरुणपणी त्या फौजदारी कोर्टात टायपिस्ट होत्या. दिवसभर शवविच्छेदनाचे अहवाल टाइप करायच्या, 'कवटीच्या डाव्या बाजूस बोथट हत्याराने झालेली जखम', आणि घरी गेल्यावर नवरा तेच शब्द त्यांच्या अंगावर उमटवायचा. पट्ट्याने, चपलेने, हाताला लागेल त्याने. शेजारी? होते की. भिंतीला भिंत लागून होते. बाई ओरडल्या की पलीकडे रेडिओचा आवाज मोठा व्हायचा.

जिन्याखाली एक तपकिरी कुत्री राहायची. बाई तिला उरलंसुरलं घालायच्या. एके दिवशी दार उघडं राहिलं, नवऱ्याने पट्टा काढला, आणि ती कुत्री धावत आत येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. चावली नाही, गुरगुरली नाही, नुसती मध्ये उभी. त्याने लाथ घातली. ती उठून परत मध्ये आली. त्याने परत घातली. शेवटी मागचे पाय धरून तिला भिंतीवर आपटलं. बरगड्या मोडल्याचा तो आवाज बाईंनी पुढे एकाही कादंबरीत वापरला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो विकायचा नाही."

त्याच संध्याकाळी त्या घराबाहेर पडल्या. एका हातात टाइपरायटर, दुसऱ्या हाताशी चादरीत गुंडाळलेली कुत्री. कुत्री माळावर पुरली. टाइपरायटरवर पहिली कादंबरी लिहिली. त्यातला मुडदा कुणाचा होता ते मी सांगायला नको.

तेव्हापासून बाईंच्या घरी कुत्रा नाही असा दिवस गेला नाही. नावं सगळी त्यांच्या धंद्यातली. पहिला 'पुरावा', काळा कुळकुळीत, टाइप केलेली पानं खाणारा. मग 'जबानी', सतत भुंकणारी. एक म्हातारा झाला की त्याच्या पायाशी दुसरा यायचा. पुस्तकातला कुत्रा मात्र कधी मेला नाही. बाईंनी माणसं ढिगाने मारली, त्या तीन पायांच्या कुत्र्याला ओरखडा येऊ दिला नाही.

आणि प्रत्येक कुत्र्याला पहिला धडा एकच: माणसं एकमेकांना मारत असतील तर मध्ये पडायचं नाही. बाई म्हणायच्या "काम!", की कुत्र्याने दाराजवळच्या सतरंजीवर जाऊन पंजांवर हनुवटी टेकायची. मग मी बाईंना हवं तसं मारावं, त्यांनी जीव तोडून किंचाळावं, कुत्र्याने फक्त बघायचं. बाई मरून पडायच्या, मग जमिनीवरूनच म्हणायच्या, "झालं." या शब्दाला कुत्र्याने उठायचं आणि सरळ खुन्याकडे जायचं. खुन्याने त्याला टोस्ट द्यायचा.

"खुन्याने का?" मी विचारलं होतं. "तुम्ही द्या की."

"त्याने तुझ्यावर दात धरू नये म्हणून. मला मारणारीबद्दल त्याच्या मनात काही राहायला नको."

सगळ्या इमारतीला या किंकाळ्यांची सवय झाली होती. खाली दूधवाल्याचं दुकान. नवीन गिऱ्हाईक दचकलं की तो शांतपणे म्हणायचा, "काही नाही हो, लेखिकाबाईंचं काम चालू आहे. अर्धा लिटर देऊ का?"

आता शेवटच्या कुत्र्याकडे येते. आमच्या वस्तीमागे जुन्या टायरचं गोदाम होतं. तिथे कुत्र्यांच्या झुंजी चालायच्या. मालकाला सगळे टायरवाला म्हणत. मी आत शिरले तेव्हा संघटनेच्या बायका माझ्यामागे होत्या आणि पोलिसांना आम्ही अक्षरशः ढकलत नेलं होतं. टायर रचून केलेला गोल, मध्ये रक्ताने चिकट झालेली माती. एक कुत्रा पडलेला, त्याचं आतडं बाहेर. दुसरा त्याच्या मानेला धरून उभा, सोडायला तयार नाही, त्याचा स्वतःचा एक कान लोंबतोय आणि एक डोळा रक्ताने बंद. टायरवाला हसत मला म्हणाला, "ताई, हा माझा वाघ. हात लावून बघा."

त्या वाघाला कोर्टाच्या हुकमाने बाईंच्या ताब्यात दिलं. पंचनाम्यात तो जप्त मुद्देमाल होता, म्हणून बाईंनी नाव ठेवलं 'मुद्देमाल'. लाडाने मुद्दू. पहिले काही आठवडे तो खुर्चीचे पाय फोडायचा, झोपेत दात करकरवायचा. माझ्या पोटरीवर त्याच्या दातांची खूण आहे, पण ती मी आजवर कुणाला दाखवलेली नाही. बाईंनी त्याला एकदाही मारलं नाही. "काम" म्हणायच्या आणि थांबायच्या. तासन्‌तास थांबायच्या. शेवटी एके दिवशी मी बाईंच्या पाठीत काठी घातली, त्या कोसळल्या, आणि तो राक्षस सतरंजीवर पडून जांभई देत होता. मी टोस्ट पुढे केला तेव्हा त्याने तो इतक्या अलगद ओठांनी उचलला की माझ्यासारखीच्या डोळ्यांत पाणी आलं.

खटल्याची तारीख जवळ आली. साक्षीदार टायरवाल्याने एकेक करून फोडले. राहिला तो मुद्दू. त्याच्या अंगावरचे जुने-नवे वण जनावरांच्या डॉक्टरने कोर्टात दाखवायचे होते. टायरवाला जामिनावर बाहेर. आणि एक गोष्ट त्याला, मला, बाईंना, सगळ्यांनाच माहीत होती: या कुत्र्याने माणसाला एक चावा जरी घेतला, तरी तो धोकादायक ठरणार, ताबा जाणार आणि त्याला मरणाची सुई दिली जाणार. मग वण कुणाचे दाखवता?

त्या दुपारी बाईंनी मला नव्या कादंबरीतल्या खुनासाठी बोलावलं होतं. मला उशीर झाला. चौकात गाड्या उचलायला ट्रक आला होता, त्याच्यासमोर आडवं पडण्यात वेळ गेला. धावतपळत इमारतीपाशी पोचले, तर वरून बाईंची किंकाळी. लांबलचक, शेवटी चिरकणारी.

दूधवाला कॅन धूत होता. "आज लवकर सुरू झालं तुमचं!" तो वर न बघताच म्हणाला. "आणि जोरात! आज काय, कुऱ्हाड आहे की काय?"

दुसरी किंकाळी आली.

"अहो," मी म्हटलं, "खून मी करते ना?"

"हो, मग?"

"मग मी इथे आहे. वर कोण आहे?"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण तो बघत उभं राहायला वेळ कुणाला होता!

तीन मजले मी कसे चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. दार नुसतं लोटलेलं. आत बाई टेबलाशी गुडघ्यांवर, उजवा हात टेबलाच्या कडेवर ओढून धरलेला, आणि टायरवाला लोखंडी गजाने त्यांची बोटं ठेचत होता. एकेक बोट. तोंडाने एकच, "उठव त्याला. उठव म्हणतो ना म्हातारे! बोलव त्याला!"

बाईंचा ओठ फाटला होता, एका भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्या किंचाळत होत्या, पण शब्द एकही काढत नव्हत्या.

आणि दाराजवळच्या सतरंजीवर मुद्दू पडला होता. पंजांवर हनुवटी. डोळे उघडे. अख्खं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पण हनुवटी पंजांवरून हललेली नव्हती. त्या क्षणी त्या कुत्र्याचा मला जो संताप आला! एवढं धिप्पाड जनावर, आणि ज्या हाताने खाल्लं त्याचा चुरा होताना बघत पडलंय!

दाराशेजारी इस्त्रीचं टेबल होतं. मी इस्त्री उचलली. टायरवाल्याने वळून गज फिरवला, तो माझ्या खांद्यात बसला, हात बधिर झाला. दुसऱ्या हाताने मी इस्त्री त्याच्या जबड्यावर हाणली. काहीतरी कटकन मोडलं. तो खुर्चीवर पडला, खुर्चीसकट खाली गेला, परत उठायला लागला. मी पुन्हा हाणली, कानावर. इतकी वर्षं खोटं मारून हाताला नेम आला होता. बाईंनीच शिकवलेलं, मारणाऱ्याने डोळे मिटू नयेत. मी मिटले नाहीत. तिसऱ्यांदा इस्त्री उगारली तेव्हा बाई ओरडल्या, "खुनी, पुरे! जिवंत हवाय तो!"

तो आडवा झाला होता, कण्हत, तोंडातून दात आणि रक्त थुंकत. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवून हात इस्त्रीच्या वायरने बांधले. तेव्हा मला दिसलं, त्याने गळ्याला जाड चामड्याचा पट्टा गुंडाळला होता, डाव्या हातावर गोणपाट. उजवी बाही मात्र कोपरापर्यंत दुमडलेली, हात उघडा. झुंजीतली माणसं अशीच तयारी करतात. कुत्र्याने चावा कुठे घ्यायचा, ते आधी ठरवून ठेवतात.

तो कुत्रा चोरायला आलाच नव्हता. चावून घ्यायला आला होता.

"पार्सल आणलंय म्हणून आत शिरला," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पहिला फटका बसला तेव्हा मुद्दू उभा राहिला गं. केस ताठ. झेप घेणार होता. मी म्हटलं, काम."

"तुम्ही म्हटलं?" माझा आवाज चढला. "मार खाताना?"

"मग काय करायचं? मध्ये पडलेल्या कुत्र्याचं काय होतं, ते मी एकदा बघितलंय."

"आणि हा तुमची बोटं मोडत होता!"

"माझी ना? मोडू दे."

मी वायरची गाठ आणखी आवळली.

मग बाईंनी डाव्या हाताने तोंडावरचं रक्त पुसलं, सतरंजीकडे बघितलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झालं."

मुद्दू उठला. अंग झाडलं. मला वाटलं माझ्याकडे येईल, दर वेळी माझ्याचकडे यायचा. तो माझ्या बाजूने निघून गेला. बाईंच्याही बाजूने गेला. टायरवाल्याच्या रक्ताळलेल्या तोंडासमोर जाऊन व्यवस्थित बसला, आणि एक कान टवकारून टोस्टची वाट बघू लागला. तो माणूस डोळे फाडून, श्वास रोखून पडला होता. त्याचा वाघ त्याच्या नाकाशी, आणि शेपूट हळूहळू फरशीवर आपटतंय.

बाई हसायला लागल्या. फुटलेल्या तोंडाने, कुशी धरून. "बघ! बघ तरी! खुनी बरोबर ओळखला की नाही!"

"बाई, गप्प बसा, बरगड्या मोडल्यात तुमच्या."

"टोस्ट दे त्याला आधी. एवढं काम केलंय त्याने."

बरणी वरच्या फळीवर असते. मी टोस्ट काढला आणि टायरवाल्याच्या बांधलेल्या बोटांत धरवला. नियम म्हणजे नियम. मुद्दूने टोस्ट अलगद ओठांनी उचलला, एकही दात न लावता.

तोवर दारात गर्दी झाली होती. दूधवाला सगळ्यात पुढे, पांढरा फटक पडलेला. मागे शेजारणी, पदराने तोंड झाकलेल्या. एक म्हणाली, "आम्हाला वाटलं, काम चालू आहे." दुसरी म्हणाली, "रोजचंच ना ते." मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, छापणाऱ्याला अडचण होईल. बाईंनीच मला थांबवलं. "राहू दे गं. यांना निदान माझ्या खोट्या किंकाळ्यांची सवय झालेली आहे. माझ्या पहिल्या घरी खरं होतं, तरी पलीकडे रेडिओच लागायचा."

तारखेला मुद्दू कोर्टात गेला. बाई गळ्यात हात बांधून, मी दोरी धरून. टायरवाल्याच्या वकिलाने तो हिंस्र असल्याचा मुद्दा काढला, फायली आपटल्या, आवाज चढवला, अंगावर धावून आल्यासारखं केलं. बाई हळूच म्हणाल्या, "काम." मुद्दू न्यायाधीशांसमोर फरशीवर पसरला, पंजांवर हनुवटी. डॉक्टरने त्याच्या अंगावरचा एकेक वण बोटाने दाखवला, हा दाताचा, हा सळईचा, हा डागल्याचा. तो हलला नाही. टायरवाला आत गेला. बाईंवरच्या हल्ल्याचा खटला वेगळा चालू आहे, त्यातही तो सुटणार नाही, मी सोडणार नाही.

बाईंच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. आता त्या डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतात, आणि दर ओळीला एक शिवी देतात. नव्या कादंबरीत प्रकाशकाला हवं होतं की तीन पायांच्या कुत्र्याने खुन्यावर झेप घ्यावी, लोकांना आवडतं म्हणाला. बाईंनी फोनवर विचारलं, "मग पुढच्या पुस्तकात त्या कुत्र्याला सुई कोण देणार, तुम्ही?" आणि फोन ठेवला. तो कुत्रा शेवटच्या पानापर्यंत सतरंजीवर पडून आहे. मी वाचलंय. या वेळी शेवटचं पान होतं.

खून अजून करतो आम्ही. फक्त आता आधी बाई गॅलरीत जाऊन खाली ओरडतात, "दूधवाले! आज खोटा!" आणि तो कॅन वाजवून कळलं म्हणतो. हाक आली नाही आणि किंकाळी आली, तर त्याने दुकान उघडं टाकून वर यायचं, असं ठरलंय.

तुमच्या इमारतीत अशी हाक कुणी देणार नाही. पलीकडच्या भिंतीतून आवाज येतो तेव्हा तुम्हीही मनाशी काहीतरी ठरवून मोकळे होता, त्यांचं रोजचंच आहे, नवराबायकोचं आहे, कुणाचं तरी काम चालू आहे. तेवढं करू नका. रेडिओ बंद करा, जिना चढा आणि दार वाजवा. खोटं निघालं तर बाई तुम्हाला चहा पाजतील. टोस्ट मात्र मागू नका, तो मुद्दूचा आहे.